पाय आधी, वजन नंतर : लाइनमनविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या ऑफेन्सिव्ह लाइनविषयी, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या पाच जणांच्या फळीविषयी, आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या आईवडिलांची आहेत, एक कोल्हापूरचं आणि एक नाशिकचं आहे.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. उंची ६ फूट १ इंच, वजन १०५ किलो. हायस्कूलच्या कोचनी त्याला ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये घातलंय. अख्ख्या हंगामात त्याचा चेंडूला हातही लागला नाही. जाड आहे म्हणून कोपऱ्यात बसवलंय का? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

कोपऱ्यात नाही हो, अगदी मध्यभागी! प्रत्येक डाव या पाच जणांपासून सुरू होतो. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. बाकी चौघांना चेंडू बहुधा जन्मात मिळत नाही. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, त्यांच्या पाठीवर ५० ते ७९ मधलाच आकडा असतो आणि पंचांना आधी सांगितल्याशिवाय त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही.

त्यांचं काम दोन प्रकारचं. धावण्याच्या डावात समोरच्याला हलवून वाट काढायची. पासच्या डावात क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे. दुसरं जास्त अवघड, कारण तिथे आपण मागे सरकत असतो आणि समोरचा पुढे धावत येत असतो.

पुढच्या सामन्यात चेंडू बघू नका, सलग पाच डाव फक्त मुलाचे पाय बघा. तो डावा टॅकल असेल तर पासच्या डावात डावा पाय तिरका मागे जायला हवा आणि उजवा जमिनीलगत घसटत त्याच्या मागे यायला हवा. याला किक-स्लाइड म्हणतात. दोन पायांतलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. टाचा एकमेकींना लागल्या की त्याच क्षणी समोरचा छातीवर हात ठेवून त्याला उलथवतो. दुसरी खोड म्हणजे डोकं पुढे काढून झेपावणं. कमरेत वाकलेला मुलगा कितीही ताकदवान असो, बाजूला होणाऱ्यापुढे तो तोंडावर आपटतो. तिसरी, घाईघाईने जास्त बाहेर सरकणं. मग आतली वाट मोकळी सुटते, आणि आतली वाट म्हणजे क्वार्टरबॅककडे जाणारा सर्वात जवळचा रस्ता.

हातांचंही तसंच. कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर आणि तळव्यांचा दणका समोरच्याच्या छातीच्या पॅडवर. हात खांद्यांच्या बाहेर गेले, जर्सी मुठीत आली आणि समोरचा निसटायला लागला की पंच होल्डिंग देतात, १० यार्डांचा दंड. स्नॅपआधी नुसतं दचकलं तरी ५ यार्ड.

घरच्या अंगणात रोज दहा मिनिटं पुरतात. भिंतीपासून हातभर अंतरावर बसकी उभी स्थिती घ्यायची आणि पाच किक-स्लाइड करून थांबायचं. असे सहा फेरे. शेवटच्या पावलाला गुडघे पहिल्याइतकेच वाकलेले आहेत का, ते मोबाइलवर बाजूने चित्रित करून बघा. दमल्यावर सगळेच ताठ उभे राहतात. ते दिसलं की तिथेच थांबवा, नाहीतर ताठ उभं राहण्याचाच सराव होतो.

उंचीचं म्हणाल तर ६ फूट १ इंचावर थांबला तर मोठ्या कॉलेजात टॅकल होणं कठीण. गार्ड किंवा सेंटर होऊ शकतो. आतापासूनच स्नॅप शिकू दे.

मुलगा सोळा वर्षांचा, वजन १०५. कोच म्हणतात, दोन वर्षांत १३५ कर. आम्ही शाकाहारी, अंडीसुद्धा नाहीत. जमेल का? – एक वडील, फ्रिस्को, टेक्सस

शाकाहारात जमेल. दोन वर्षांत तीस किलो मात्र आम्ही सांगणार नाही. एवढ्या वेगाने चढलेल्या वजनात बराच भाग पोटावर बसतो, आणि हायस्कूलमध्ये भरलेलं पोट कॉलेजचे कोच आधी उतरवायला लावतात, मग पुन्हा चढवायला. त्यांच्याकडे आहारतज्ज्ञ असतात, रोजचं जेवण असतं, जिम असते. तिथे पंधरा-वीस किलो चढणं अगदी नेहमीचं. त्यांना हवी असते शरीराची चांगली चौकट आणि हलते पाय.

हलत्या पायांचं उत्तम उदाहरण जेसन केल्सी. सिनसिनाटी विद्यापीठात तो स्कॉलरशिपशिवाय आला, तोही लाइनमन म्हणून नाही. लाइनवर नंतर गेला. २०११ च्या ड्राफ्टआधी (ड्राफ्ट म्हणजे एनएफएल संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजचे खेळाडू निवडणं) मोजला तेव्हा १२७ किलोच्या आसपास, म्हणजे सेंटरच्या मानाने किरकोळच. सहाव्या फेरीत १९१ व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला घेतला आणि तो तेरा हंगाम खेळला, कारण तेवढ्या वेगाने पळून पुढचा माणूस गाठणारे सेंटर फारसे नव्हते.

आता ताट. वजन उचलणाऱ्या मुलाला दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे १०५ किलोला १६८. दिवसभरात एक लिटर दूध (३२ ग्रॅम), दीडशे ग्रॅम पनीर (२७), पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स (२६), दोनशे ग्रॅम ग्रीक योगर्ट (२०), दोन वाट्या घट्ट वरण (१५), सहा पोळ्या (१८) आणि व्हे पावडरचा एक चमचा, डब्यातलाच मोठा (२४). बेरीज १६२ होते. उरलेलं मूठभर शेंगदाण्यांतून येतं. घोळ बहुधा इथे होतो की आई वरण पातळ करते आणि मुलगा भातावर पोट भरतो. वरणाच्या पाण्यात प्रथिनं नसतात.

रोजच्या गरजेपेक्षा चारशे-पाचशे कॅलरी जास्त, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत वाढ, आणि तीही वर्षभर सलग नाही. दर पंधरा दिवसांनी तीन गोष्टी एका वहीत लिहा : वजन, बेंबीवरचा कमरेचा घेर आणि १० यार्ड म्हणजे ९.१४ मीटर पळायला लागलेला वेळ. वजन वाढलं आणि वेळ तोच राहिला तर उत्तम. वजन वाढलं, घेर वाढला आणि वेळही वाढला तर पुढचे पंधरा दिवस तळलेलं आणि गोड बंद. क्रिएटिन घ्यायचं ठरलं तर डॉक्टरांना विचारून. नेहमीचं प्रमाण दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. कुठल्याही डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ हा शिक्का बघा. भेसळीच्या पावडरीमुळे उत्तेजक चाचणीत सापडलेल्या मुलाचं ‘मला माहीत नव्हतं’ सहसा कुणी ऐकून घेत नाही.

कॉलेजच्या कोचपर्यंत मुलगा पोहोचतो कसा? आम्ही तो नववीत असताना पुण्याहून इथे आलो. – नेपरव्हिल, इलिनॉय

पहिली गोष्ट मार्कांची, कारण तुमच्या बाबतीत पाय अडकला तर तिथेच अडकेल. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संस्था. तिच्या डिव्हिजन १ साठी, म्हणजे सर्वात वरच्या गटासाठी, हायस्कूलचे १६ मान्य विषय लागतात : इंग्रजी चार वर्षं, गणित तीन, विज्ञान दोन, याच तिघांपैकी आणखी एक, समाजशास्त्र दोन आणि इतर मान्य विषय चार. या सोळांचा जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी गुण, किमान २.३. त्यातले दहा विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले हवेत आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. ते दहाही तिथेच गोठतात. बारावीत पुन्हा बसून मार्क सुधारता येत नाहीत. एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली.

मोजणी नववीपासून होते. म्हणून पुण्याच्या शाळेचं नववीचं गुणपत्रक लागेल. ते मराठीत असेल तर मूळ प्रत आणि प्रमाणित भाषांतर, दोन्ही. हे काम अकरावीतच उरका. बारावीच्या मे महिन्यात शाळेच्या कारकुनाला पुण्यात फोन लावत बसण्याची वेळ येऊ देऊ नका. शाळेच्या समुपदेशकांना ‘हा विषय एनसीएएच्या यादीत आहे का’ असं नेमकं विचारा. नापास विषय भरून काढायचे ऑनलाइन कोर्स शाळेला चालतात, एनसीएएला चालतातच असं नाही.

मग चित्रफीत. हडल या खेळाच्या चित्रफितींच्या संकेतस्थळावर तीन ते पाच मिनिटांची पुरे. गाणं नको, संथ गती नको. प्रत्येक डावाआधी मुलावर बाण दाखवून क्षणभर चित्र थांबवा. पहिल्या सहा डावांत सर्वोत्तम सगळं : दोन पासचे, तीन धावण्याचे, एक असा की ज्यात तो पहिल्या माणसाला सोडून मागच्या लाइनबॅकरपर्यंत, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या माणसापर्यंत, जातो. लहानखुऱ्या मुलाला पाठीवर पाडलेलं दृश्य पालकांना फार आवडतं. कोच त्याआधीचे पाय बघतात.

उंची खोटी लिहू नका. जूनमधल्या कॅम्पमध्ये बूट काढून मोजतात, हातही मोजतात, खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. इंचभर फुगवलेली उंची उघडी पडली की बाकी आकड्यांवरचाही विश्वास जातो. कॉलेजचे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरपासून थेट लिहू शकतात. त्याआधी आलेली छापील कॅम्पची पत्रकं म्हणजे निवड नव्हे, जाहिरात आहे. कॉलेजशी कराराच्या सह्यांची पहिली फेरी बारावीच्या डिसेंबरमध्ये.

आणि व्हिसा. मुलगा एच-४ (पालकांच्या नोकरीवर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर खेळाडूचं नाव आणि प्रतिमा वापरण्याचे पैसे, म्हणजे एनआयएल, घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. संघातल्या इतरांना मिळतात म्हणून सही करून टाकली आणि ते व्हिसाच्या अटींबाहेरचं काम ठरलं, तर प्रकरण फुटबॉलपुरतं राहत नाही.

मोठ्या कॉलेजची ऑफर नाही. डिव्हिजन ३ चं कॉलेज बोलावतंय. तिथून पुढे कुणी जातं का? – सॅन होजे

जातात, थोडे. अली मार्पेट होबार्ट या डिव्हिजन ३ कॉलेजातून २०१५ मध्ये दुसऱ्या फेरीत टँपा बे बक्कनीअर्सकडे गेला आणि पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. क्विन माइनर्झ विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरहून २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत डेन्व्हरला. दोघांनाही अलाबामातल्या मोबाइल शहरातल्या सीनियर बोलचं, म्हणजे ड्राफ्टआधीच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याचं, बोलावणं आलं होतं आणि तिथे मोठ्या कॉलेजांच्या मुलांसमोर एकास एक झुंजीत ते टिकले. छोट्या कॉलेजच्या लाइनमनवर नेहमीचा आक्षेप असतो की समोर होतं कोण? त्याचं उत्तर तिथे मिळालं.

डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते. आयव्ही लीगमध्येही नसते, तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावर मदत ठरते. उलट बाजूने, मोठ्या कॉलेजात स्कॉलरशिप न घेता, फी स्वतः भरून ‘वॉक-ऑन’ म्हणून जाण्याची जागा आता आकसली आहे. २०२५-२६ पासून खेळाडूंना महसुलातला वाटा देण्याची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या डिव्हिजन १ कॉलेजांत स्कॉलरशिपची ८५ ची मर्यादा गेली, पण संघच १०५ जणांचा झाला. आधी काही संघांत याहून बरेच जास्त मुलगे असत.

आम्हाला विचाराल तर ज्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी मैदानावर उतरता येईल ते निवडा. लाइनमन बाकावर बसून घडत नाही. पहिलं वर्ष मात्र बहुतेकांचं शरीर घडवण्यातच जातं. २०१८ पासून हंगामात चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष रेडशर्ट म्हणून, म्हणजे खेळण्याच्या वर्षांत न मोजता, राखता येतं. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये अगदी पहिल्या क्रमांकावर गेलेला टॅकल एरिक फिशर सेंट्रल मिशिगनचा होता, अलाबामा-ओहायो स्टेट अशा बड्या कॉलेजचा नव्हे.

मी कोल्हापूरचा, वय २०, तालमीत दहा वर्षं. उंची ५ फूट ११ इंच, वजन ११८. कुस्तीतून एनएफएलमध्ये जाता येतं का?

गेलेला एक माणूस आहे. स्टीफन नील, कॅलिफोर्नियातल्या कॅल स्टेट बेकर्सफील्ड विद्यापीठाचा मल्ल. १९९९ मध्ये फ्रीस्टाइलचा जगज्जेता. कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा गार्ड झाला आणि संघाबरोबर तीन सुपर बोल जिंकला. हायस्कूलला फुटबॉल खेळला होता आणि उंची ६ फूट ४ इंच होती, हे दोन्ही विसरू नका.

कुस्तीतलं काय उपयोगी पडतं? बसकी ठेवण, कमरेचा जोर, समोरच्याचं वजन कुठे झुकलंय हे हाताला कळणं. सोडावं काय लागतं? धरणं. ढाक, धोबीपछाड अशा सगळ्या डावांत आधी पकड लागते आणि पकडून ओढलं की होल्डिंग. इथे समोरच्याला चीत करायचं नसतं, तो आणि क्वार्टरबॅक यांच्या मध्ये उभं राहायचं असतं. मल्ल म्हणून नाही, उंबऱ्यावरचा दरवान म्हणून विचार करा.

तुमची उंची ऑफेन्सिव्ह लाइनला कमी पडते. आतल्या डिफेन्सिव्ह लाइनला थोडी कमी चालते. अ‍ॅरन डोनाल्ड ६ फूट १ इंचाचा होता आणि त्याच्यासमोर भलेभले हतबल होते. बचावाच्या बाजूने हात झटकून निसटणं हाच खेळ असल्यामुळे तालमीची सवय तिथे जास्त कामाला येते.

परदेशी खेळाडूंसाठी एनएफएलचा इंटरनॅशनल प्लेअर पाथवे २०१७ पासून आहे. त्यातला सर्वात गाजलेला जॉर्डन मेलाटा, सिडनीचा रग्बी लीगवाला, उंची ६ फूट ८ इंच, वजन १५७ किलो. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता २०१८ च्या सातव्या फेरीत २३३ व्या क्रमांकावर ईगल्सनी घेतला. पहिली दोन वर्षं मैदानात आलाच नाही. लाइन कोच जेफ स्टाउटलंडनी त्याला पाऊल-पाऊल शिकवलं. २०२० मध्ये उतरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा डावा टॅकल होता. अशी देहयष्टी शोधूनच हा मार्ग उघडलेला आहे. आपल्याकडे २०१२ च्या भारतीय लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता, पण त्यातून पुढे जिना काही तयार झाला नाही. जवळच्या रग्बी क्लबात दोन हंगाम काढा आणि १० व ४० यार्डांचे वेळ नोंदवा. कुस्ती सोडू नका.

ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर संपलंच का? पैसे नक्की किती असतात? – डलस

हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्यावर ड्राफ्टला उभं राहता येतं. फेऱ्या सात, संघ ३२, नावं साधारण अडीचशेच्या वर. त्याआधी इंडियनॅपोलिसला कम्बाइन, म्हणजे खेळाडूंची मोजमापं आणि चाचण्या, होतं. ४० यार्डांची धाव टीव्हीवर गाजते, पण लाइनमनला एका दमात ४० यार्ड पळायची वेळ कधी येते? जाणकार पहिले १० यार्ड बघतात, चांगल्यांचे १.८ सेकंदांच्या आसपास. १०२ किलोची बार छातीवरून किती वेळा उचलली हेही मोजतात. टॅकलचे हात ३४ इंचांच्या आसपास हवेत अशी अपेक्षा असते. आणि बंद दाराआड दोन गोष्टी होतात, त्या सर्वात महत्त्वाच्या : डॉक्टर जुना गुडघा-खांदा पिळून बघतात, आणि कोच फळ्यावर बचावाची रचना काढून विचारतात, ‘इथे तू कुणाला घेणार, आणि तो मागे गेला तर?’

नाव नाही आलं तर शेवटच्या फेरीनंतर लगेच फोन सुरू होतात. एजंटचं खरं काम तेव्हा असतं. त्याची टक्केवारी तीनच्या वर जाऊ शकत नाही. ज्या संघाकडे लाइनमन कमी आहेत तिकडे जावं, चार हजार डॉलर जास्त देणाऱ्याकडे नाही. उन्हाळ्यात संघात ९० असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. त्यांतले लाइनमन आठ-नऊ.

सामन्याच्या दिवशी ४८ जण उतरवायचे तर त्यांत किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन लागतात, नाहीतर ४७ च उतरवता येतात. या नियमावर कितीतरी जणांचं पोट चालतं. आठवा माणूस निवडताना कोच विचारतात, हा गार्ड आहे, पण स्नॅप देता येतो का? ओल्या चेंडूने येतो का? म्हणून रोज सरावानंतर पन्नास स्नॅप, त्यातले दहा बादलीत बुडवलेल्या चेंडूने. पावसात बोटं घसरून स्नॅप डोक्यावरून गेला की मागची सगळी मेहनत वाया.

५३ मध्ये नसाल तर सोळा जणांचं प्रॅक्टिस स्क्वाड, म्हणजे सरावाचा राखीव संघ, असतो. २०२५ मध्ये नवख्याला तिथे आठवड्याला १३,००० डॉलर होते, हंगाम १८ आठवड्यांचा. मुख्य संघातल्या नवख्याचं किमान वर्षाला ८,४०,०००, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६,७००. दोन्ही रकमा आठवड्याच्या हिशेबानेच मिळतात. मंगळवारी काढलं की पुढचा चेक नाही. म्हणून वर्षाचा आकडा ऐकून घर बुक करू नका.

ऑगस्टमध्ये भर उन्हात सराव असतो. भीती वाटते. डोक्याच्या इजेचीही. – एक आजी, मुक्काम सध्या ह्यूस्टन

आजी, उन्हाची भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे. मिनेसोटा वायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था कनेटिकट विद्यापीठात आज हेच शिकवते. जाड शरीराला उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, वर हेल्मेट-पॅड. म्हणून पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत खांद्याचे पॅड, सहाव्या दिवसापासून सगळं, आणि पहिले पाच दिवस दिवसाला एकच सराव, अशी शिफारस आहे. कोचना एकच विचारा : बर्फाच्या पाण्याचा टब मैदानावर भरून ठेवलेला असतो का? मुलगा बरळायला किंवा धडपडायला लागला तर आधी गळ्यापर्यंत टबात आणि अँब्युलन्सला फोन. अंग थंड झाल्यावर मग इस्पितळ. टब नाही असं उत्तर आलं तर नातवाला त्या दिवशी घरी ठेवा. सरावाआधी आणि नंतर त्याचं वजन करा. दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर पाणी कमी पडतंय.

डोक्याबाबत इतका सरळ उपाय नाही. लाइनमनला एक जबर धक्का क्वचित बसतो, पण छोटे धक्के जवळजवळ प्रत्येक डावाला. बॉस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये सांगितलं की तपासलेल्या ३७६ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई हा डोक्यावरच्या वारंवारच्या धक्क्यांशी जोडलेला आजार आढळला. हे मेंदू बहुधा त्रास झालेल्यांच्याच घरच्यांनी दिलेले, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. दुर्लक्षही करता येत नाही. एनएफएलने २०२२ पासून उन्हाळी सरावात लाइनमनना हेल्मेटवर मऊ गार्डियन कॅप सक्तीची केली. हायस्कूलमध्ये आठवड्यातून किती दिवस पूर्ण धडक असते ते विचारा. पाय आणि हात शिकवायला धडक लागत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फुटबॉल आहे म्हणे. लाइनमनना संधी? – नाशिक

नाही. तो फ्लॅग फुटबॉल, पाचास पाच, कमरेला लटकणारी पट्टी ओढली की डाव संपला. ब्लॉक करायचंच नसल्याने गार्ड नाहीत, टॅकल नाहीत. सेंटर तेवढा आहे, आणि तिथे त्याला स्नॅप देऊन झाल्यावर पळत जाऊन पासही झेलता येतो.